डावीकडची भाजी

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
२० जानेवारी २०२५

चि. छाया,

अनेक आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला सहा वर्षं होऊन गेली. टपालखात्याला ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. इथे घरपोच टपाल येत नाही, सगळं कंपनीच्या पोस्टबॉक्सात पडतं. तेव्हा उत्तर धाडलंस तर पाकिटावर कंपनीचं नावही घाल. उत्तर येईल असं धरून पत्ता सांगणं हा माझा जुना आजार आहे.

काल मी मिरचीची भाजी खाल्ली. तुमची, खानदेशातली. आणि खाऊ घातली तुझ्या लेकीने.

मनाली ऑगस्टपासून इथे मुसफ्फात नोकरी करते हे मला कुणी कळवलं नाही. डिसेंबरात ती आमच्याच कंपनीत वेल्डिंग तपासायला आली. गेटवरच्या रजिस्टरात मी ‘मनाली विजयकुमार भंगाळे’ हे नाव वाचलं आणि मग तिचं कपाळ पाहिलं. कपाळ तुझंच. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “तुम्ही सूर्यकांतमामा ना? आजी तुमच्याबद्दल फार बोलायची.” आजी म्हणजे तुझ्या सासूबाई. माझ्याबद्दल? मी तिथल्या तिथे घामाघूम झालो आणि दोष डिसेंबरच्या हवेला दिला. डिसेंबरात इथे लोक स्वेटर घालतात.

ती माझ्या घराच्या मागे दोन गल्ल्या सोडून राहते. तिघी मुली मिळून एका व्हिलाची वरची खोली. काम काय, तर लोखंडाच्या सांध्यावर लाल रंग फासायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर मारायची. आत तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा पगार मिळतो. आईच्या कलेचं मुलीने चीज केलं म्हणायचं.

तर काल रविवार. मुसफ्फातल्या एका वर्कशॉपच्या मागच्या आवारात जळगाव-रावेरकडची पंचवीसेक माणसं जमली होती. तुकाराम चौधरी म्हणून फोरमन आहेत, ते आचारी. मोठ्या पातेल्यात तीन किलो हिरव्या मिरच्या, वांगी, तुरीची डाळ, चुका, शेंगदाणे, आणि हे सगळं स्टंपाएवढ्या लाकडी दांड्याने घोटायचं. मी “ढवळू का जरा?” म्हणालो, तर दोन माणसं हसली. ढवळत नाहीत, घोटतात. शेजारच्या गॅरेजमधला पठाण खोकत बाहेर आला आणि “खलास, भाई, खलास” म्हणत शटर ओढून गेला.

मनालीने माझी ओळख करून दिली. “हे माझे पुण्याचे मामा. आजीच्या भाजीचं पातेलं एका दिवसात संपवलं ना, तेच.”

छाया, ते पंचवीस जण माझ्याकडे ज्या आदराने वळले, तसं गेल्या चौपन्न वर्षांत कुणी वळलेलं नाही. चौधरींना ती गोष्ट ठाऊक होती. सासूबाईंनी म्हणे सगळ्या नात्यागोत्यात सांगितली होती: पुण्याची माणसं तिखट खात नाहीत असं कोण म्हणतं, माझ्या सुनेच्या माहेरी पातेलं पुसून खाल्लं. गेल्या वर्षी जाईपर्यंत सांगत होत्या.

मग वाढणं सुरू झालं. हाताला सवय असते ग. चौधरी डाव घेऊन समोर आले आणि माझं बोट आपसूक ताटाच्या डाव्या बाजूला गेलं, मिठाच्या खाली, लिंबाच्या शेजारी. चटणीच्या जागी. डाव हवेतच थांबला.

“भाऊसाहेब,” ते अगदी हळू म्हणाले, “हे तोंडी लावाले नाई. हेच जेवन हाये.”

मनाली हसली. तिने माझं ताट धरून अर्धं फिरवलं. डावं होतं ते उजवीकडे आलं. “मामा, विसरलात वाटतं,” म्हणाली. चौधरींनी दोन डाव वाढले, वर कच्च्या तेलाची धार धरली, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि फोडलेला कांदा.

मी सगळं खाल्लं. आधी चुक्याचा आंबटपणा लागतो, मग शेंगदाणा, आणि मिरची सगळ्यांत शेवटी येते, उशिरा येऊन खुर्ची न सोडणाऱ्या पाहुण्यासारखी. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीने केव्हातरी दोघांच्या जागा बदलल्या. काल माझ्या जिभेवर दोन्ही भाषा एकदम बोलत होत्या. डोळ्यांना पाणी आलं ते सगळ्यांनी मिरचीच्या खात्यावर टाकलं. मीही टाकू दिलं.

तू मनालीला कधीच काही सांगितलं नाहीस? बाबांनी तेव्हा जे सांगितलं ते मी केलं, हे तुला माहीत आहे. जुनं उगाळत नाही. पण मला निदान सावध तरी करायचंस.

तुझा
दादा


मोहम्मद बिन झायद सिटी
३ मार्च २०२५

चि. छाया,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे एक ओळ: “मनालीला खरे सांगण्यात यावे.” खाली सही. इतकं सुबक परिपत्रक इथल्या एकाही ऑफिसात निघत नाही. संस्कृतच्या स्कॉलरशिपला आपापल्या वर्षी तू पहिली आणि मी दुसरा का आलो, याचा उलगडा आज झाला. तू कमी लिहितेस.

परवापासून रमजान सुरू झालाय. ऑफिस तीनला सुटतं, म्हणून मनाली आता मधल्या वारीही येते. तुझी वहिनी अस्मिता तिच्यासाठी मोदक करते, ती अस्मितासाठी भाकऱ्या थापते आणि दोघी मिळून माझी टिंगल करतात. गेल्या आठवड्यात तिने मला घोटायला शिकवलं. बेताच्या तिखट पोपटी मिरच्या कुठल्या आणि घर पेटवणाऱ्या कुठल्या, हे मी मीना मार्केटात उभा राहून शिकलो. आठ दिरहम किलो, म्हणजे एकशे नव्वद रुपये; हे ऐकून ती दर वेळी भुसावळच्या बाजाराची आठवण काढून हळहळते. आमचा निनाद कॅनडाहून व्हिडिओवर बघून म्हणाला, “डॅड, यू आर क्राइंग इन्टू द फूड.” मुलाने लक्ष दिलं, हेही काही कमी नाही.

छाया, मला या मुलीची सवय झाली आहे. हे तुला सांगायला नको होतं, पण लिहून गेलं.

आता तुझी आज्ञा. मी मनाशी तालीम करतो ती अशी.

मे २००१. तुझं लग्न होऊन पंधरा दिवस झालेले. तुझ्या सासूबाई, नर्मदाबाई, तुला घेऊन भुसावळहून पॅसेंजरने आपल्या कोथरूडच्या फ्लॅटवर आल्या. पातेलं, दांडा, मिरच्या, चुका, सगळं घरून घेऊन. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. स्वयंपाकघर पुरुषांचं, म्हणजे कुणाचंच नाही. त्यांनी दोन तास खपून भाजी केली. मी ताटात डावीकडे नखभर घेतली आणि “चटणी छान आहे” म्हणालो. त्या जाताना म्हणाल्या, पातेलं राहू द्या, रात्री खा, शिळी जास्त लागते. तुम्ही दोघी पिंपरीला नातेवाइकांकडे गेलात. चारच्या सुमारास मी ती भाजी कचऱ्याच्या बादलीत ओतली आणि बादली घेऊन जिना उतरायला लागलो. आणि तू राहिलेली छत्री न्यायला जिना चढत होतीस.

तू बादलीत पाहिलंस. मग माझ्याकडे.

मी म्हणालो, “बाबांनी टाकायला सांगितली.”

संध्याकाळी मी पातेलं घासून शिवाजीनगर स्टेशनवर पोचवलं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आई असती तर चिमूटभर तरी साखर घातली असती. मला सुचलं नाही. नर्मदाबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, “सगळी संपवली?” मी म्हणालो, “हो. फारच छान झाली होती.” तू त्यांच्या शेजारी उभी होतीस.

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तुझा आठवत नाही. तुझ्याकडे मी पाहिलंच नाही.

एवढं सगळं मी मनालीला सांगायचं? आणि मिळणार काय? म्हातारी सुखाने गेली. मुलीला आजीची गोष्ट आहे, मामा आहे. तू पाहिजे तर माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, पण हिला मधे का घेतेस?

रागावून लिहिलंय. सही करण्याआधी पुन्हा वाचत नाही, नाहीतर फाडीन.

दादा


मोहम्मद बिन झायद सिटी
२७ एप्रिल २०२५

छाया,

सांगितलं.

आज दुपारी भाकरी तव्यावर असतानाच सांगितलं, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही. यालाच लोक धैर्य म्हणतात की काय कोण जाणे. बादली सांगितली, जिना सांगितला, स्टेशन सांगितलं. ती ऐकत होती आणि भाकरी उलटत होती. करपू दिली नाही.

ती तव्यावरून उतरवून म्हणाली, “आजीने मरायच्या आधीच्या आठवड्यातसुद्धा ही गोष्ट नर्सला सांगितली होती.”

मग गॅस बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं आता संपलं. तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “तुमचा तरी काय दोष मामा? आजोबांनी सांगितल्यावर तुम्ही काय करणार होतात? मला ते आजोबा फोटोत बघूनसुद्धा कधी आवडले नाहीत.”

तिने मला माफ केलं, छाया. बाबांच्या हिशेबातून.

मी चहा केला. ती प्यायली आणि गेली. जाताना नेहमीसारखं “यल्ला मामा, रविवारी भेटू” म्हणाली. तेव्हापासून मी हा कागद समोर घेऊन बसलो आहे. चार ओळी विनोदी लिहून काढल्या आणि खोडल्या. आता सरळ लिहितो.

बाबांनी काहीही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी बाबांनी ती भाजी दोनदा मागून घेतली. ठसका लागला, डोळे पुसले, आणि पुन्हा हात पुढे केला. तू तेव्हा सासूबाईंसाठी पाणी आणायला आत गेली होतीस, तू ते पाहिलं नाहीस. तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, “थोडी रात्रीला ठेव रे. बाईंच्या हाताला चव आहे. छायाचं चांगलं होईल.” आणि झोपायला गेले.

ते झोपेत असताना मी पातेलं रिकामं केलं.

का, ते मला नीट सांगता येत नाही. आपण तिघं, रामः-रामौ-रामाः म्हणत वाढलो, सगळं एका ठरावीक क्रमाने. आणि एका दुपारी एक परकी बाई येऊन पातेलं मांडते आणि बाबा तिच्याकडे हात पुढे करतात. बाबांना तुझं लग्न पचलं होतं. मला नव्हतं. जिन्यात तू समोर आलीस आणि मला एक नाव हवं होतं. बाबांचं जवळ होतं.

रात्री बाबांनी भाजी मागितली. मी म्हणालो, नासली, उन्हाळा आहे.

त्यानंतर तू घरात पाऊल टाकलं नाहीस. बाबा विचारायचे, मी म्हणायचो, सासरी कामं असतात. मनाली झाली तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, बाळ बघायला मिळेल का. मी म्हणालो, लिहितो तिला. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू आली असतीस, आली असतीस तर बोलणं झालं असतं, आणि बोलणं झालं असतं तर भाजीचं निघालं असतं. चार महिन्यांनी ते गेले. तेराव्याला तू दारातूनच परतलीस, आणि लोक म्हणाले, बापावर किती राग बघा. मी तिथेच उभा होतो. आल्या-गेल्याला पाणी देत होतो.

चोवीस वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलीस. त्या माणसाने तुझ्या सासूच्या हातची भाजी रात्रीला राखून ठेवायला सांगितली होती.

हे पत्र टाकण्याआधी मी मनालीला वाचून दाखवणार आहे. तुझ्या आज्ञेत ‘खरे’ असा शब्द होता. मी मार्चमध्ये आणि आज दुपारीसुद्धा त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

सूर्यकांत


मोहम्मद बिन झायद सिटी
२४ नोव्हेंबर २०२५

छाया,

एप्रिलचं पत्र तुला मिळालं हे मला कुरियरच्या पावतीवरून कळलं. तुझी सही लांबलचक आहे. मी तिलाच उत्तर समजून काही दिवस काढले.

मनालीला ते वाचून दाखवलं त्या दिवशीचं तुला तिने सांगितलं असेल, नसेल. ती उभी राहूनच ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “आई तेव्हा तेवीस वर्षांची होती. आत्ता मी आहे तेवढी.” मग आमच्या ओट्यावरचा तिचा दांडा उचलला, पिशवीत घातला आणि गेली. त्यानंतर ती दोनदा आमच्या कंपनीत तपासणीला आली. काम चोख. मला “सर” म्हणते. दुसऱ्या खेपेला आमच्या एका सांध्यात तडा निघाला, तेव्हा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “वरून अगदी व्यवस्थित दिसत होता, सर.” तिला बोलायचं होतं ते सांध्याबद्दलच असेल. ती तुझ्यासारखी नाही, टोमणे मारत नाही.

तू दिवाळीनंतर इथे आलीस हे मला अस्मिताने सांगितलं. तिला सुपरमार्केटात मनाली भेटली होती. तीन आठवडे तू माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतीस. मी रोज संध्याकाळी फिरायला जायचो आणि तुझी गल्ली टाळून जायचो, म्हणजे तुला वाटू नये की मी मुद्दाम समोर आलो. एकदा तुझ्यासारखी कुणी बाल्कनीत कपडे काढत होती. केस पांढरे होते. तू असशील असं वाटलं नाही, आणि मग वाटलं, असशीलही. मीच तुला तेवीसची धरून चाललो होतो.

गेल्या मंगळवारी मी रजा घेतली. पहाटे मीना मार्केटात जाऊन मिरच्या आणल्या, पोपटी. चुका मिळाला नाही, पालक आणि चिंच घातली, चौधरींना फोन करून विचारलं, ते म्हणाले, “चालते भाऊसाहेब, इन्शाल्ला.” एवढ्या बोलण्यात त्यांनी मला जुन्या गोष्टीचं काही विचारलं नाही. म्हणजे मनालीने अजून कुणाला सांगितलेलं नाही. रावेरात मी अजूनही पातेलं पुसून खाणारा पुण्याचा माणूस आहे. दोन तास घोटलं. तळहाताला फोड आला. स्टीलच्या पातेल्यात भरली, झाकण कापडाने बांधलं आणि तुमच्या व्हिलाच्या वॉचमनकडे ठेवून आलो. चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहिणार? शिळी जास्त लागते?

शनिवारी तू परत गेलीस. रविवारी सकाळी दार उघडलं तर पातेलं पायरीवर होतं.

घासलेलं. बाहेरून, आतून, कडेच्या खोबणीतूनसुद्धा. तळाचा माझा जुना करपा, जो अस्मिताकडून इतक्या महिन्यांत निघाला नव्हता, तोही नव्हता. मी झाकण उघडून आत पाहिलं. साखरेचा दाणाही नव्हता. मी नाक घालून वास घेतला, साबणाचा आला.

खाल्लीस की ओतलीस, हे त्या भांड्यावरून कळायला काही मार्ग नाही. मला ठाऊक आहे, कारण ते कळू नये म्हणूनच मीही तेव्हा तसंच घासलं होतं.

अस्मिता मागून आली. तिला मी यातलं अजून सगळं सांगितलेलं नाही. तिच्या लेखी नणंद मानी आहे आणि नवरा लोचट. पातेल्यात डोकावून ती खूश होऊन म्हणाली, “बघा. वन्संनी सगळी संपवली वाटतं?”

“हो,” मी म्हणालो. “फारच छान झाली होती म्हणे.”

नर्मदाबाईंना माझ्यावर विश्वास ठेवता आला. मला ती सोय नाही.

पातेलं ओट्यावर उपडं घातलं आहे.

सूर्यकांत